फ्लोटिंग पॉइंट किमतींचे वर्गीकरण : सी भाषेत संख्या तपासण्याची रीत

तापमानाच्या नोंदी फाइलमधून वाचणारा एखादा प्रोग्राम घ्या. नोंद उणे ५० च्या खाली किंवा ६० च्या वर असेल तर ती बाद करायची, अशी अट त्यात घातलेली आहे: (क्ष < -५० || क्ष > ६०). अट निर्दोष दिसते. मात्र एखाद्या ओळीत आकड्याच्या जागी ‘नॅन’ असा मजकूर आला, तर मजकुराची संख्या करणारे सी भाषेतले ‘स्ट्रटोड’ हे फंक्शन तो बिनबोभाट स्वीकारते आणि नॅन, म्हणजे संख्याच नसलेली किंमत, परत करते. ही किंमत उणे ५० पेक्षा लहान नाही आणि ६० पेक्षा मोठीही नाही, कारण नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. त्यामुळे अट तिला अडवत नाही, ती बेरजेत मिसळते, आणि महिन्याची सरासरी, तीवरून काढलेले वर्षाचे आकडे व त्यांवर बेतलेला आलेख हे सारेच नॅन होऊन बसते. तोवर ही किंमत नेमकी कुठल्या ओळीतून आत शिरली हे शोधणे जिकिरीचे झालेले असते.

हा दोष टाळायचा तर फ्लोटिंग पॉइंट किमतीचे (म्हणजे अपूर्णांक आणि घातांक अशा रूपात साठवलेल्या संख्येचे) लहान-मोठेपण पाहण्याआधी तिचा वर्ग पाहिला पाहिजे, आणि तोही ती किंमत प्रोग्राममध्ये प्रवेश करते त्याच जागी, तिच्या मूळ प्रकारात पाहिला पाहिजे. सी भाषेत त्यासाठी लागणारी साधने १९९९ च्या प्रमाणापासून, म्हणजे सी ९९ पासून, उपलब्ध आहेत. ती कशी वापरावीत आणि कुठे दगा देऊ शकतात, हे पुढे क्रमाने मांडले आहे. फंक्शनांची आणि मॅक्रोंची (म्हणजे कंपाइल होण्याआधी प्रोग्राममध्ये उलगडल्या जाणाऱ्या नामांकित तुकड्यांची) नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, आणि ^ हे चिन्ह घात दाखवण्यासाठी वापरले आहे.

पहिली पायरी : बिटांची मांडणी समजून घेणे

आज बहुतेक सर्व प्रोसेसर फ्लोटिंग पॉइंट संख्या आय ट्रिपल ई ७५४ या प्रमाणानुसार साठवतात. हे प्रमाण १९८५ साली प्रसिद्ध झाले आणि २००८ व २०१९ साली सुधारले गेले. त्याच्या घडणीत बर्कलीच्या विद्यापीठातील विल्यम काहन यांचा वाटा सर्वांत मोठा होता. प्रमाण पक्के होण्याच्या आधीच, १९८० साली, इंटेलने ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर बाजारात आणला होता, आणि त्याच्या रचनेतही काहन यांचा सल्ला होता. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

‘डबल’ प्रकारातील संख्येला ६४ बिट असतात. पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे आणि उरलेले ५२ अपूर्णांकाचे. घातांक साठवताना त्यात १०२३ मिळवलेले असतात, त्यामुळे १.० ही संख्या साठवताना चिन्हाचा बिट ०, घातांकाच्या जागी १०२३ आणि अपूर्णांकाचे सर्व बिट ० असे रूप मिळते. घातांकाच्या ११ बिटांत ० ते २०४७ इतक्या किमती बसतात. त्यांपैकी १ ते २०४६ या नेहमीच्या संख्यांसाठी आहेत, आणि दोन्ही टोकांच्या, म्हणजे ० आणि २०४७, या राखीव आहेत. सगळे वर्गीकरण या दोन राखीव किमतींवर उभे आहे.

घातांकाचे सर्व बिट १ असतील आणि अपूर्णांक शून्य असेल, तर ती किंमत अनंत होय. अपूर्णांकात एक जरी बिट १ असेल, तर ती नॅन. घातांकाचे सर्व बिट ० असतील आणि अपूर्णांकही शून्य असेल, तर ती किंमत शून्य. अपूर्णांक शून्य नसेल, तर ती सबनॉर्मल. बाकी सर्व किमती नॉर्मल. असे हे पाच वर्ग आहेत, आणि चिन्हाचा बिट या वर्गीकरणात कुठेच येत नाही, हे लक्षात ठेवावे, कारण उणे शून्य ही स्वतंत्र किंमत अस्तित्वात असण्याचे कारण तेच आहे.

सबनॉर्मल वर्गाकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवे

पाचांपैकी चार वर्ग कोणालाही चटकन समजतात. सबनॉर्मल मात्र पुष्कळ अनुभवी मंडळीही ‘फार लहान संख्या’ एवढ्यावर सोडून देतात, आणि माझ्या मते तिथेच त्यांचे नुकसान होते.

नॉर्मल संख्येत अपूर्णांकाच्या आधी एक न लिहिलेला १ गृहीत धरलेला असतो. डबल प्रकारात सर्वांत लहान धन नॉर्मल संख्या २^-१०२२, म्हणजे सुमारे २.२२५ × १०^-३०८, इतकी आहे. तिच्या खाली गेल्यावर घातांकाचे बिट शून्य होतात, न लिहिलेला १ गळतो, त्या जागी ० गृहीत धरला जातो, आणि संख्या जसजशी लहान होते तसतसे तिच्यातील उपयोगी बिट कमी होत जातात. शेवटी २^-१०७४, म्हणजे सुमारे ४.९४ × १०^-३२४, या संख्येत एकच उपयोगी बिट उरतो.

ही तरतूद कशासाठी, ते एका वजाबाकीत दिसते. क्ष ही किंमत १.५ × २^-१०२२ आणि य ही किंमत २^-१०२२ घ्या. दोन्ही नॉर्मल आहेत आणि वेगळ्या आहेत. त्यांची वजाबाकी २^-१०२३ येते, जी नॉर्मल पट्ट्यात बसत नाही. सबनॉर्मल वर्ग नसता तर हे उत्तर शून्य झाले असते, आणि ‘क्ष आणि य समान नसतील तरच १ ला त्यांच्या वजाबाकीने भागा’ असे काळजीपूर्वक लिहिलेले कलमही (म्हणजे कोडही) शून्याने भागाकार करून बसले असते. सबनॉर्मल वर्ग असल्यामुळे वजाबाकी शून्य येत नाही आणि भागाकार २^१०२३ असा, मर्यादेत बसणारा मिळतो. दोन सांत (म्हणजे अनंत किंवा नॅन नसलेल्या) किमती वेगळ्या असतील तर त्यांची वजाबाकी शून्य होत नाही, ही खात्री केवळ या वर्गामुळे मिळते. प्रमाण ठरत असताना या तरतुदीला कडाडून विरोध झाला होता, कारण हार्डवेअरमध्ये ती महाग पडेल अशी भीती होती. ती टिकली हे सर्वांच्या हिताचे झाले.

दुसरी पायरी : ‘एफपीक्लासिफाय’ वापरणे

‘मॅथ डॉट एच’ ही हेडर फाइल जोडली की ‘एफपीक्लासिफाय’ हा मॅक्रो मिळतो. त्याला एक फ्लोटिंग पॉइंट किंमत द्यायची. तो एक पूर्णांक परत करतो, आणि तो पूर्णांक पाच नामांकित स्थिरांकांशी ताडून पाहायचा: एफपी_नॅन, एफपी_इन्फिनिट, एफपी_झीरो, एफपी_सबनॉर्मल आणि एफपी_नॉर्मल. यासाठी ‘स्विच’ हे विधान सर्वांत सोयीचे पडते. त्यात ‘डीफॉल्ट’ शाखा जरूर ठेवावी, कारण एखाद्या प्रणालीने या पाचांखेरीज आणखी वर्ग ठरवले तर सी भाषेच्या प्रमाणाची त्याला मनाई नाही.

या स्थिरांकांच्या संख्यात्मक किमतींवर कधीही विसंबू नये. लिनक्सवरील जीलिबसी या लायब्ररीत नॅनची किंमत ० आहे, अनंताची १ आणि नॉर्मलची ४. मॅकओएसवर नॅनची १ आहे. वर्गाचा आकडा फाइलमध्ये साठवून दुसऱ्या यंत्रावर वाचला, तर अनंताची नोंद तिथे नॅन म्हणून वाचली जाईल आणि कोणतीही चूक दाखवली जाणार नाही. साठवायचेच असेल तर वर्गाचे नाव साठवावे.

सगळे वर्ग वेगळे करण्याची गरज नसते तेव्हा हो-नाही उत्तर देणारे मॅक्रो वापरावेत. ‘इजनॅन’, ‘इजइन्फ’, ‘इजनॉर्मल’ यांचे काम नावावरून कळते. ‘इजफायनाइट’ हा शून्य, सबनॉर्मल आणि नॉर्मल या तिन्ही वर्गांना होकार देतो, आणि ‘साइनबिट’ चिन्हाचा बिट सांगतो. यांपैकी प्रत्येक मॅक्रो होकार म्हणून ‘शून्येतर’ पूर्णांक देतो. तो १ असेलच असे नाही. उदाहरणार्थ, जीलिबसीत उणे अनंतासाठी ‘इजइन्फ’ -१ देऊ शकतो. म्हणून (इजइन्फ(क्ष) == १) अशी तुलना करणे चूक आहे; नुसते (इजइन्फ(क्ष)) पुरेसे आहे. ‘इजनॉर्मल’ शून्याला नकार देतो, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ‘वापरण्याजोगी संख्या आहे का’ हे विचारायला तो मॅक्रो नव्हेच.

तिसरी पायरी : प्रकार न बदलता वर्ग विचारणे

एफपीक्लासिफाय हे साधे फंक्शन नसून मॅक्रो का आहे, याला सबळ कारण आहे. वर्ग हा संख्येच्या गणिती किमतीवर आणि ती ज्या प्रकारात साठवली आहे त्यावर, अशा दोन्हींवर अवलंबून असतो. १०^-४० ही संख्या ‘फ्लोट’ प्रकारात सबनॉर्मल आहे, कारण ३२ बिटांच्या त्या प्रकारात सर्वांत लहान नॉर्मल संख्या २^-१२६, म्हणजे सुमारे १.१७५ × १०^-३८, आहे. तीच संख्या डबलमध्ये नेली की नॉर्मल होते, कारण डबलचा पट्टा खूप खालपर्यंत जातो.

आता समजा, कोणी वर्गाचे नाव छापणारे स्वतःचे फंक्शन लिहिले आणि त्याचा प्राचल (पॅरामीटर) डबल ठेवला. त्याला फ्लोट किंमत दिली की कंपायलर ती आपोआप डबल करून देतो, आणि फ्लोटमधील प्रत्येक सबनॉर्मल किंमत नॉर्मल म्हणून छापली जाते. नॅन, अनंत आणि शून्य यांचे वर्ग या रूपांतरात बदलत नाहीत, म्हणून साध्या चाचण्यांत हा दोष दिसतच नाही. उपाय असा की फ्लोट, डबल आणि लाँग डबल यांसाठी वेगळी फंक्शने लिहावीत आणि सी ११ मधील ‘_जेनेरिक’ने त्यांतून निवड करावी, सी++ मध्ये टेम्पलेट किंवा ओव्हरलोड वापरावे.

उलट दिशेचे रूपांतर अधिक धोक्याचे. १०^३०० ही नॉर्मल डबल किंमत फ्लोटमध्ये टाकली की अनंत होते, आणि १०^-३२० ही सबनॉर्मल किंमत शून्य होते. मोठ्या प्रकारातून लहान प्रकारात जाताना वर्ग रूपांतरानंतर पुन्हा तपासावा. आधीच्या तपासणीचा भरवसा तिथे संपतो.

चौथी पायरी : कामानुसार योग्य तपासणी निवडणे

बाहेरून आलेल्या प्रत्येक किमतीसाठी पहिला प्रश्न ‘इजफायनाइट’ हाच असावा. सुरुवातीच्या उदाहरणातील अट मग अशी होते: (!इजफायनाइट(क्ष) || क्ष < -५० || क्ष > ६०). दुसरी रीत म्हणजे अट उलटी मांडणे: (!(क्ष >= -५० && क्ष <= ६०)). या रूपात नॅनसाठी आतील तुलना खोटी ठरते, नकारामुळे पूर्ण अट खरी होते आणि नोंद बाद होते. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण मी पहिलीच पसंत करतो, कारण पुढे कोणी अट ‘सोपी’ करायला गेला तर दुसऱ्या रीतीतील हेतू डोळ्यांना दिसत नाही आणि तो सहज मोडला जातो.

भागाकारापूर्वी छेद शून्य नाही एवढे पाहणे पुरत नाही. छेद १०^-३१० असेल तर तो शून्य नाही, तरीही १ ला त्याने भागल्यावर उत्तर डबलच्या कमाल मर्यादेबाहेर, म्हणजे सुमारे १.७९८ × १०^३०८ च्या पलीकडे जाते आणि अनंत होते. अशा वेळी छेदाचा वर्ग पाहून अंदाज बांधण्यापेक्षा आलेले उत्तर ‘इजफायनाइट’ आहे का ते पाहावे.

शून्याच्या बाबतीत चिन्ह महत्त्वाचे असेल तर ‘साइनबिट’ला पर्याय नाही. उणे शून्य आणि शून्य यांची == ने तुलना खरी येते, आणि (क्ष < ०) ही अट उणे शून्यासाठी खोटी ठरते. तरीही १ ला शून्याने भागल्यास धन अनंत मिळते आणि उणे शून्याने भागल्यास ऋण अनंत. ‘एटॅन२’ या फंक्शनला शून्य आणि -१ दिल्यास पाय मिळतो, उणे शून्य आणि -१ दिल्यास उणे पाय. नकाशाच्या किंवा कोनांच्या गणितात याचा अर्थ एक कोन अर्धा फेरा एका दिशेला आणि दुसरा अर्धा फेरा उलट्या दिशेला असा होतो. पडद्यावर ‘-०.०’ दिसले म्हणजे किंमत उणे शून्यच आहे, असे मात्र समजू नये. -०.०४ ही किंमत दशांशाच्या एका स्थळापर्यंत छापली तरी तेच दिसते, आणि तिचा वर्ग नॉर्मल असतो.

क्रम लावण्यापूर्वी नॅन वेगळे काढावेत. सी++ मधील ‘सॉर्ट’ला दिलेल्या तुलनेने सुसंगत क्रम दिला पाहिजे अशी अट आहे, यादीत एक जरी नॅन असेल तरी < ही तुलना ती अट पाळत नाही, आणि मग प्रोग्राम काय करील याची कसलीच हमी उरत नाही. आधी ‘पार्टिशन’ने सर्व नॅन शेवटी न्यावेत आणि उरलेल्या भागाचाच क्रम लावावा.

पाचवी पायरी : कंपायलरचे पर्याय तपासणे

सगळे कलम बिनचूक लिहूनही तपासणी नाहीशी होऊ शकते. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांत ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय दिला की त्यासोबत ‘फायनाइट-मॅथ-ओन्ली’ हा पर्यायही लागू होतो. त्याचा अर्थ असा की प्रोग्राममध्ये नॅन आणि अनंत कधीच येणार नाहीत असे वचन आपण कंपायलरला देतो. तो मग ‘इजनॅन’चे उत्तर कायम नाही असे धरून ती शाखाच काढून टाकू शकतो, आणि (क्ष != क्ष) या जुन्या युक्तीचीही तीच गत होते. वेगासाठी हा पर्याय हवाच असेल, तर किमती तपासणारी फाइल त्याच्याशिवाय वेगळी कंपाइल करावी.

ते शक्य नसेल तर बिट थेट वाचावेत. डबल किंमत ‘मेमसीपीवाय’ने ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात उतरवावी, पॉइंटरचा प्रकार बदलून वाचणे प्रमाणाविरुद्ध आहे. सी++ २० मध्ये यासाठी ‘बिट_कास्ट’ आहे. मग चिन्हाचा बिट पुसून उरलेल्या पूर्णांकाला म म्हणा. म शून्य असेल तर किंमत शून्य. म शून्याहून मोठा पण २^५२ हून लहान असेल तर सबनॉर्मल. म बरोबर २०४७ × २^५२ असेल तर अनंत. त्याहून मोठा असेल तर नॅन. आणि या कशातच न बसल्यास नॉर्मल. सगळ्या तुलना पूर्णांकांच्या असल्याने फ्लोटिंग पॉइंटविषयीच्या कोणत्याही पर्यायाचा त्यांना स्पर्श होत नाही.

याच फास्ट-मॅथमुळे एक्स८६ प्रोसेसरवर सबनॉर्मल किमतींना शून्य समजण्याची हार्डवेअरची स्थितीही चालू होऊ शकते. तेव्हा (क्ष == ०) खरे येते, पण बिट मात्र शून्य नसतात. एकाच किमतीविषयी तुलना आणि बिट वेगळे बोलू लागले, तर सर्वांत आधी ही स्थिती तपासावी.

सहावी पायरी : टोकाच्या किमतींवर चाचणी

चाचणीसाठी लागणाऱ्या किमती हातांनी न लिहिता हेडर फाइलींतून घ्याव्यात. ‘डीबीएल_मिन’ ही सर्वांत लहान धन नॉर्मल किंमत आहे, सर्वांत लहान किंमत नव्हे. ती हवी असल्यास सी ११ मधील ‘डीबीएल_ट्रू_मिन’ घ्यावी. जावात परिस्थिती नेमकी उलटी आहे: तिथे डबलचे ‘मिन_व्हॅल्यू’ म्हणजे ४.९ × १०^-३२४ ही सबनॉर्मल किंमत, आणि नॉर्मलसाठी ‘मिन_नॉर्मल’ वेगळे. कलम एका भाषेतून दुसरीत नेताना इथे हमखास घसरगुंडी होते. सर्वांत मोठी सबनॉर्मल किंमत ‘नेक्स्टआफ्टर(डीबीएल_मिन, ०)’ने मिळते. अनंत आणि नॅन यांसाठी ‘इन्फिनिटी’ आणि ‘नॅन’ हे तयार मॅक्रो आहेत. एक्स८६ वर ०.० ला ०.० ने भागून बनवलेल्या नॅनचा चिन्हाचा बिट बहुधा १ असतो आणि तो ‘उणे नॅन’ म्हणून छापला जातो. त्या चिन्हाला अर्थ नाही, म्हणून चाचणीत त्याची अपेक्षा करू नये.

फ्लोट प्रकारासाठी तर नमुना चाचणीवर थांबण्याचे कारणच नाही. ३२ बिटांच्या सर्व ४,२९,४९,६७,२९६ मांडण्या एका लूपमध्ये तपासता येतात आणि साध्या संगणकावरही हे काम लवकर उरकते. मोजणी अशी यायला हवी: नॅन १,६७,७७,२१४; सबनॉर्मल १,६७,७७,२१४; अनंत २; शून्य २; नॉर्मल ४,२६,१४,१२,८६४. नॅन आणि सबनॉर्मल सारखेच का, तर दोन्हींत घातांक ठरलेला आहे आणि अपूर्णांकाच्या २३ बिटांची शून्य सोडून कोणतीही मांडणी चालते. सबनॉर्मलचा आकडा शून्य आला आणि तेवढ्याच किमती नॉर्मलमध्ये वाढल्या, तर कुठेतरी फ्लोटचे डबल होते आहे. त्या शून्यांत मिसळल्या, तर सबनॉर्मल दाबणारी स्थिती चालू आहे.

इतर भाषांत

सी++ मध्ये हेच मॅक्रो सी++ ११ पासून ‘सीमॅथ’ हेडरमध्ये फंक्शने म्हणून मिळतात. रस्टमध्ये ‘क्लासिफाय’ ही पद्धत थेट पाच पर्यायांचा ‘एनम’ देते. पाचांपैकी एखादा वर्ग हाताळायचा राहिला तर रस्टचा कंपायलर प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही, आणि मला ही रचना सर्वांत भरवशाची वाटते. पायथनच्या ‘मॅथ’ मोड्यूलमध्ये ‘इजफायनाइट’ आवृत्ती ३.२ पासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये नुसते ‘इजनॅन’ आधी दिलेल्या गोष्टीचे संख्येत रूपांतर करते, त्यामुळे साध्या मजकुरालाही ते होकार देते, तिथे ‘नंबर.इजनॅन’च वापरावे.

आय ट्रिपल ई ७५४ प्रमाणाच्या २००८ च्या आवृत्तीत वर्ग पाच नसून दहा आहेत. अनंत, नॉर्मल, सबनॉर्मल आणि शून्य यांचे धन-ऋण असे आठ, आणि नॅनचे दोन: शांत आणि इशारा देणारा. इशारा देणारा नॅन गणिती क्रियेत आला की ‘अवैध क्रिया’ हा ध्वज उभा राहतो. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांत ‘एफक्लास’ ही सूचना या दहांपैकी नेमका वर्ग एका बिटाने दाखवते. सी ९९ मधील साधनांनी नॅनचे हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. त्यांची गरज पडली, तर पाचव्या पायरीतील बिट वाचण्याची रीत वापरून अपूर्णांकाचा सर्वांत वरचा बिट पाहावा. एक्स८६, आर्म आणि रिस्क-फाइव्ह यांवर तो १ असल्यास नॅन शांत समजला जातो. जुन्या मिप्स यंत्रांवर याच बिटाचा अर्थ उलटा होता, म्हणून तिथून आलेल्या बायनरी फाइली वाचताना ही तपासणी यंत्राप्रमाणे वेगळी लिहावी लागते.